फर्मे मोजताना

खडेबाजारातल्या माझ्या दुकानात
खानापूरकडच्या पहिल्या बशीनं थोमाप्पा हंचिनमनी आले,
टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन,
मोडलेलं हाड फळ्या बांधून आणावं तसं.

पाठ सुटलेली, सरस उडून गेलेला,
मराठी छपाई, समासात कन्नड पेन्सिल.
आजोबा एका भाषेत वाचत
आणि दुसरीत कळून घेत.

मी फर्मे मोजले. दोनदा मोजले.
शेवटी एक पान जास्त.
निळसर कागद, हातानं लिहिलेला,
कुणीतरी काळ्या दोऱ्यानं टाचलेला, गाठ वाकडी.

"ते रूथबाईचं," थोमाप्पा म्हणाले.
"प्लेगच्या सालात रानातल्या झोपडीतून लिहिलं बघा.
पेरणीच्या आधी एकदा वाचतो सगळी.
नवा पास्टर म्हणतो, घरी वाचा, देवळात नको.
तुम्ही शिवणार काय काढणार?"

मी जीनगर. माझ्या देव्हाऱ्यात टाक आहेत.
मला का विचारायचं?
पण दाभण माझ्या हातात होतं.

मग त्यांनीच सांगितलं, चहा निवेपर्यंत.
पहिल्यांदा पुस्तक नव्हतंच म्हणे.
पत्रं होती, कुणाला तरी लिहिलेली,
भांडण मिटवायला, वर्गणी मागायला,
झगा विसरलो तो आणून दे म्हणायला.
एका गावात वाचून झाली की
नक्कल करून पुढच्या गावाला.
काही पत्रं वाटेत हरवली,
त्यांचं कुणी काही बोलत नाही.
काही फार छान होती, पण उशिरा आली.
काहींवर मोठ्या माणसाचं नाव होतं
आणि अक्षर दुसऱ्याचं.

मी विचारलं, गुंडाळीवर लिहीत होते ना तेव्हा?
"लवकरच सोडली आमच्या लोकांनी. वही धरली."
इथं मात्र मला कळलं. हे माझ्या धंद्यातलं.
गुंडाळ्या टोपलीत कितीही टाकाव्यात,
टोपली काही विचारत नाही.
पण एका पाठीला शिवायचं म्हटलं
की पहिलं कोण, शेवटचं कोण,
आणि दोरा कुठं तोडायचा.

एकदा शिपाई दारात आले, पुस्तकं द्या म्हणाले, जाळायला.
काहींनी दुसरंच काहीतरी पुढं केलं.
काहींनी खरं दिलं, आणि जन्मभर तोंड लपवलं.
यादी त्या उंबऱ्यावरही झाली असणार,
कुणी शाई न उघडता.
सत्तावीस नावं मोजून लिहिणारा बिशप
पुष्कळ वर्षांनी आला.

थोमाप्पा गेल्यावर मी ते पान उजेडात धरलं.
कडेला टाचणीची भोकं, अकरा,
म्हणजे तीन-चारदा सुटलं आणि तितक्यांदा
कुणाला तरी ते परत हवं होतं.
खालचा कोपरा बोटांनी काळा,
मेणाचा एक थेंब, पुसायचा प्रयत्न केलेला.
देवनागरी अक्षर, मधे मधे कन्नड शब्द,
आणि एक ओळ मला वाचता आली:
मेलेला ओळखीचा नसला
तरी उचलण्याआधी नाव विचारा.

बाकीच्या पुस्तकातही असेच कोपरे आहेत.
काही पानं मऊ, पालथ्या हातासारखी.
काही अजून करकरीत,
वंशावळींची असावीत.

संध्याकाळी पावती केली:
फर्मे शिलाई, पाठीचं कापड,
सोनेरी अक्षरं एक ओळ.
खाली लिहिलं, "हाताचं पान, १."
पैसे लावले नाहीत.
शिवलं का, ते थोमाप्पांना दिसेलच.
ती ओळ मात्र पेनानं नाही लिहिली,
कानामागची पेन्सिल घेतली,
पास्टर विचारायला आला तर खोडता यावी म्हणून.
लिहिताना जरा जास्तच दाबली गेली,
खालच्या कार्बनवर उमटली.